फोटो टाकला की भरतकाम तयार?

‘कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरी मशीनमध्ये फोटो टाका, बटण दाबा, भरतकाम तयार’ हा मेसेज बरीच वर्षं फिरतोय. नागपुरात माझ्या वर्गाला येणाऱ्या बायका इतवारीतून रिळं घेऊनच येतात आणि पहिल्याच दिवशी मोबाइलमधला फोटो पुढे करतात. तसं वाटणं साहजिक आहे. प्रात्यक्षिकात सुई एकटीच धावताना दिसते.

पण मशीनला फोटो कळत नाही. त्याला लागते टाक्यांची फाइल: सुई कुठे उतरवायची, रंग कुठे बदलायचा, धागा कुठे कापायचा. फोटोवरून आपोआप टाके पाडणारी सॉफ्टवेअर आहेत, पण कापड होजिअरी आहे की खण, हे आपण सांगितल्याशिवाय त्यांना कळत नाही. 40 नंबरच्या धाग्याला ओळींत साधारण 0.4 मिमी अंतर, खालचे आधाराचे टाके, टाक्यांची दिशा, हे सगळं माणसालाच नीट बघावं लागतं.

पडताळून बघा. होजिअरीवर 3 सेंमीचा गोल आडव्या टाक्यांनी भरा, ओढ भरून काढणारी सेटिंग शून्य ठेवून. रिंगमधून काढून पट्टीने मोजा. आडवा व्यास उभ्यापेक्षा कमी भरेल, कारण प्रत्येक टाका कापड आत ओढतो. डिझाइन करणारी हीच ओढ धरून कडेला टाका थोडा लांबवते, तेव्हा कुठे कापडावर गोल हा गोल दिसतो. मोराच्या एका पिसाऱ्यामागे माझे दोन-तीन तास जातात ते यातच.