आरएक्सचा डबा उघडण्याआधी

लिटरभर पेट्रोल नीट जळायला किती हवा लागते? वजनात मोजलं तर पेट्रोलच्या १४.७ पट. पेट्रोल लिटरला साधारण ७४० ग्रॅम भरतं, म्हणजे हवा झाली जवळजवळ अकरा किलो. आकारमानात बोलायचं तर सुमारे ९,००० लिटर. चाळीसचं ॲव्हरेज देणारी गाडी दर किलोमीटरला सव्वादोनशे लिटर हवा ओढते, आणि तीही ट्रकच्या मागची, उसाच्या ट्रॉलीने उडवलेल्या फुफाट्यातली.

ही सगळी हवा ज्या काळ्या प्लास्टिकच्या डब्यातून जाते त्याला जुनी गाडी पुन्हा नव्यासारखी करताना सगळ्यात शेवटचा नंबर मिळतो. टाकीचा रंग ओरिजिनल शेडचा हवा, मडगार्डचा क्रोम आरशासारखा हवा, आणि एअर बॉक्स? तो भंगारात टाकून कार्बोरेटरच्या, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या, तोंडाला सरळ शंकूसारखा कोन फिल्टर लावायचा, किंवा डब्याला ड्रिलने चार भोकं पाडायची. ‘गाडीला मोकळा श्वास मिळतो’ हे वाक्य सोबत फुकट. यामाहा आरएक्स १०० च्या नशिबी हा प्रकार फार आला. १९८५ ते १९९६ अशी अकराएक वर्षं भारतात बनलेली, ९८ सीसीची, ११ बीएचपीची ही टू-स्ट्रोक आज नव्या गाडीच्या भावाने विकली जाते, आणि तिचा डबा मात्र जागेवर असेलच असं नाही.

रिकामा दिसतो म्हणून तो बिनकामाचा वाटतो. प्रत्यक्षात त्याच्या रिकामेपणाचं माप काढूनच तो बनवलेला असतो.

रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की ‘हूं’ असा एकच सूर येतो. मानेतली हवा वजनासारखी वागते, पोटातली हवा स्प्रिंगसारखी, आणि दोघी मिळून ठरावीक गतीने मागेपुढे हलतात. हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात याचा नीट अभ्यास केला म्हणून अशा पोकळीला हेल्महोल्ट्झ रेझोनेटर म्हणतात. एअर बॉक्स हा तसलाच रेझोनेटर. त्याची मान म्हणजे सीटखाली उघडणारी हवेची नळी, अर्थात स्नॉर्केल. सूर किती उंच लागेल हे तीन गोष्टींवर ठरतं: तोंड मोठं केलं तर सूर चढतो, डबा मोठा किंवा नळी लांब केली तर उतरतो.

हिशेबाला सोपा म्हणून तीन लिटरचा डबा घेऊ (हे आरएक्सचं माप नव्हे). नळीचा व्यास ३० मिलिमीटर, प्रभावी लांबी ६ सेंटिमीटर. सूर येतो सेकंदाला सुमारे १०८ कंपनांचा. टू-स्ट्रोक सिंगल सिलिंडर प्रत्येक फेऱ्याला एकदा हवा ओढतं, तेव्हा १०८ गुणिले ६०, म्हणजे साधारण ६,५०० आरपीएमला (मिनिटाला फेरे) इंजिनाचा आणि डब्याचा ताल जुळतो. या पट्ट्यात डब्यातला दाब जोरात वरखाली होतो, आणि मापं नीट जमवलेली असतील तर रीड व्हॉल्व्ह (हवा फक्त आत सोडणारी पातळ झडप) उघडायच्या वेळी कार्बोरेटरच्या मागे हवा थोडी दाटलेली मिळते. फुकटचा धक्का.

आता ड्रिल आणा. तोंडाचं क्षेत्रफळ दुप्पट झालं की सूर १५३ वर जातो, म्हणजे ९,२०० आरपीएम. आरएक्सची कमाल ताकद ७,५०० लाच येऊन जाते. म्हणजे डब्याची मदत गेली अशा ठिकाणी जिथे इंजिन सहसा पोचतच नाही, आणि रोज ज्या पट्ट्यात गाडी चालते तिथली मात्र हातातून सुटली. शिवाय पातळ प्लास्टिकमधलं भोक म्हणजे जवळजवळ लांबी नसलेली नळी, त्यामुळे प्रत्यक्षात सूर याहूनही वर उडतो. डब्यात बदल करायचाच असेल तर भोकांपेक्षा नळीची लांबी आणि व्यास यांच्याशी खेळावं. नळी परत लावता येते, भोक बुजवत बसावं लागतं.

मग डबा फोडल्यावर गाडी पळते असं शपथेवर सांगणारे खोटं बोलतात का? नाही. त्यांना तसं ऐकू येतं. हाच डबा आपल्या सुरापेक्षा वरचे आवाज दाबून ठेवत असतो. तो गेला की इंजिन हवा ओढतानाचा भणाट सरळ मांड्यांमधून वर येतो. कान म्हणतो ऐंशी, काटा म्हणतो सत्तर.

इथवरचं नुकसान हौसेचं. खरं दुखणं मिश्रणाचं आहे. डबा आणि फिल्टर हवेला थोडा अडथळा करतात, आणि कारखान्यात जेट (पेट्रोल मोजून सोडणारं छिद्र) निवडताना तो अडथळा धरलेला असतो. अडथळा काढला की हवा वाढते, कार्बोरेटरमधली ओढ कमी होते, पेट्रोल त्या प्रमाणात येत नाही. मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी. पिस्टन तापतो. आरएक्सचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ५० मिलिमीटरचा. शंभर अंशांनी तापला तर ॲल्युमिनियमचा पिस्टन सुमारे ०.१ मिलिमीटर फुगतो आणि बिडाचं सिलिंडर त्याच्या जेमतेम निम्मं. दोघांमधली फट मिलिमीटरच्या शतांशात असते. ती संपली की मागचं चाक जागच्या जागी जाम. आरएक्सला ऑइलचा वेगळा पंप आहे, म्हणून पेट्रोल घटलं तरी ऑइल येत राहतं. राजदूत १७५ आणि बहुतेक येझदींमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. तिथे मिश्रण लीन झालं की वंगणही कमी पडतं.

आणि धूळ. फोर-स्ट्रोकमध्ये हवा सरळ सिलिंडरमध्ये जाते. टू-स्ट्रोकमध्ये ती आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीत, उतरते, क्रँकच्या बेअरिंगांवरून आणि कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकावरून फिरते, मग वर चढते. धुळीतली सिलिका बिडापेक्षा कठीण असते, तेव्हा रिंगा झिजायच्या आधी ती बेअरिंगांना भेटते. फिल्टर म्हणून वापरतात त्या ऑइल लावलेल्या फोमची गंमत अशी की त्याची छिद्रं बहुतेक धुळीच्या कणांपेक्षा कितीतरी मोठी असतात. तरी कण अडकतो, कारण फोममधल्या वळणावर हवा वळते, कणाला त्याच्या वजनामुळे तितक्या चटकन वळता येत नाही, आणि तो चिकट भिंतीवर आदळतो. कोरडा फोम लावला तर आदळलेला कण पुन्हा सुटून आत जातो. फोम धुऊन ऑइल न लावणं म्हणूनच धुण्याची मेहनत वाया घालवणं.

जुना डबा परत बसवणं हे चिकाटीचं काम. आधी अंधारात त्याच्या आत छोटा एलईडी पेटवून ठेवा. दोन अर्ध्यांच्या सांध्यातून, बोल्टच्या कानापाशी, जुन्या तड्यातून उजेडाच्या रेघा दिसतात. जिथून उजेड बाहेर येतो तिथून धूळ आत जाते. तडा भरायच्या आधी प्लास्टिक कुठलं ते बघायचं, आणि त्याला प्रयोगशाळा लागत नाही: डब्याचा बारीकसा तुकडा पाण्यात टाका. तरंगला तर बहुधा पॉलिप्रॉपिलीन, बुडाला तर एबीएस असण्याची शक्यता जास्त. पॉलिप्रॉपिलीनला जवळजवळ कुठलाच गोंद धरत नाही, अराल्डाइट थोड्याच दिवसांत पापुद्र्यासारखा सुटतो. त्याला त्याच प्लास्टिकची पट्टी सोल्डरिंग आयर्नने वितळवूनच जोडावं लागतं. गॅरेजमधलं नेहमीचं सिलिकॉन सीलंट नकोच, कारण डब्यात मागे फेकलं गेलेलं पेट्रोलचं धुकं असतं आणि त्यात ते फुगून निघतं.

सगळ्यात छळतो तो डबा आणि कार्बोरेटर यांच्यामधला रबरी बूट. तीस-पस्तीस वर्षांत तो लाकडासारखा होतो. तासभर जोर लावून बघण्यापेक्षा गरम पाण्यात पाच-सात मिनिटं बुडवा, तो तेवढ्यापुरता लवचिक होतो. डब्याचे बोल्ट आधी आवळायचे नाहीत. डबा मागे ढकललेला, सैल ठेवायचा, बूट डब्याला, मग कार्बोरेटर इंजिनाला, मग डबा पुढे ओढून बुटाची कड कार्बोरेटरवर चढवायची, आणि सगळं सरळ रेषेत आल्यावरच बोल्ट. क्लिपचा स्क्रू बाहेरच्या बाजूला, पुढच्या वेळी पेचकस पोचेल असा. बुटाला बारीक भेगा असतील तर पुण्याच्या जुन्या बाजारात दुसरा जुना बूट शोधण्यात अर्थ नाही, तोही त्याच वयाचा असतो. नवा रबर घ्यावा.

गळती कुठे आहे यावर तिचा परिणाम ठरतो. बुटापाशी गळली तर मुख्यतः धूळ जाते. कार्बोरेटरच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला गळली तर मापात न धरलेली हवा थेट आत, आणि आयडल, म्हणजे थ्रॉटल न देता चालणाऱ्या इंजिनाची गती, आपोआप चढतं.

सत्तरच्या दशकातल्या काही जपानी गाड्यांवर, उदाहरणार्थ यामाहा एक्सएस ६५० वर, व्हॅक्यूमने स्लाइड (हवेची वाट उघडणारा तुकडा) उचलणारे कार्बोरेटर आहेत. त्यांच्यात डायफ्रामच्या (लवचिक पडद्याच्या) एका बाजूला मागच्या डब्यातल्या शांत हवेचा दाब लागतो. तिथे कोन फिल्टर बसवला की वाऱ्याच्या झोताबरोबर तो दाब हलतो, आणि कधी कधी फिल्टरचं रबर त्या दाबाचं छिद्रच झाकतं. मग कितीही जेट बदला, मधल्या थ्रॉटलला गाडी अडखळते ती अडखळतेच.

आरएक्सवर बदल केलाच तर मेन जेट आधी दोन नंबर मोठा टाकून सुरुवात करावी आणि फुल थ्रॉटलला धावून, क्लच दाबून इंजिन बंद करून स्पार्क प्लग बघत जेट लहान करत यावं. मेन जेट शेवटच्या पाव थ्रॉटलचा मालक. मधल्या भागावर नीडलची (स्लाइडला लटकलेल्या सुईची) सत्ता, आयडलवर पायलट जेटची. आणि हे काम महाबळेश्वरला करू नये. साडेतेराशे मीटरवर हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण बारा टक्के विरळ असते, त्यामुळे मिश्रण आपोआप सहा-सात टक्के रिच (पेट्रोल जास्त) होतं. तिथे अचूक बसवलेला जेट आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरेपर्यंत लीन झालेला असतो. शिवाय उताराला थ्रॉटल बंद, गिअर पडलेला, आरपीएम चढे. आरएक्सचा ऑइल पंप थ्रॉटलच्या केबलला जोडलेला असल्याने त्या वेळी ऑइलही जेमतेमच येतं. तेव्हा घाट उतरताना दर दोन-तीन वळणांनी क्लच दाबून एकदा थ्रॉटल पिळायचा.