फ्लोटची उंची आणि दोन मिलिमीटरचा हिशेब

जुनी यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल सिग्नलला छान चालू असते. हिरवा दिवा लागतो, तुम्ही ॲक्सिलरेटर पिळता, गाडी क्षणभर दम खाते आणि मग एकदम उसळी घेते. टॉपला काहीच तक्रार नाही. अशी गाडी गॅरेजला गेली की प्लग बदलतो, एअर स्क्रू फिरतो, नीडलची क्लिप एक खाच वर-खाली होते. हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरची वाटी उघडून आत तरंगणाऱ्या फ्लोटची उंची मात्र क्वचितच कोणी मोजतं. वास्तविक अशा तक्रारीत ती आधी मोजायला हवी, आणि त्यामागे साधं भौतिकशास्त्र आहे.

१९८५ ते १९९६ या काळात भारतात बनलेल्या या गाडीला मिकुनीचा व्हीएम २० कार्बोरेटर असे. गच्चीवरच्या टाकीत तरंगणारा बॉल पाणी भरलं की नळ बंद करतो. वाटीतला फ्लोट पेट्रोलच्या बाबतीत तेच करतो. पेट्रोल चढतं, फ्लोट उचलला जातो, त्याच्या कडीवरची पितळी जीभ पिन वर ढकलते, पिन सीटमध्ये, म्हणजे पेट्रोल येणाऱ्या भोकाच्या तोंडात, बसते आणि पेट्रोल थांबतं. जर्मनीत मायबाख आणि हंगेरीत बांकी व चोंका यांनी १८९३ च्या सुमारास फवाऱ्याचे कार्बोरेटर केले, तेव्हापासून पेट्रोलची पातळी स्थिर कशी ठेवायची हा या यंत्राचा गाभा राहिला आहे.

स्थिर का ठेवायची? कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते, तिथला दाब उतरतो आणि वाटीतलं पेट्रोल जेटमधून, म्हणजे मापाच्या बारीक भोकातून, वर ओढलं जातं. पेट्रोलची पातळी फवाऱ्याच्या तोंडापेक्षा काही मिलिमीटर खाली असते. तेवढं चढून गेल्यावर उरलेल्या ओढीवर फवारा उडतो.

आता हिशेब करू. गळ्यातली हवा सेकंदाला १० मीटर वेगाने जात असेल, तर तिची ओढ पेट्रोलला जेमतेम ८ मिलिमीटर उचलू शकते. पातळी ५ मिलिमीटर खाली असेल तर हाताशी उरले ३. फ्लोट चुकीचा बसून पातळी आणखी २ मिलिमीटर उतरली, तर उरला १. प्रवाह उरलेल्या ओढीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असल्याने पेट्रोल सुमारे ४० टक्क्यांनी कमी येतं. हवेचा वेग १० पट झाला की ओढ १०० पट होते, म्हणजे ८०० मिलिमीटर. त्यात २ मिलिमीटर गेले काय, राहिले काय! खऱ्या कार्बोरेटरमध्ये स्लाइड, नीडल, पायलट जेट यांची गुंतागुंत असतेच, पण कल तोच राहतो. फ्लोटचा दोष कमी थ्रॉटलला बोलतो आणि टॉपला गप्प बसतो.

मोजण्याआधी पिन पाहा. टाकीतलं पेट्रोल वाटीपेक्षा ३०-४० सेंटिमीटर उंच आणि सीटचं भोक २ मिलिमीटरचं धरलं, तर पिनेवर येणारा भार जेमतेम एक ग्रॅम भरतो. इतक्या नाजूक व्यवहारात टाकीतल्या गंजाचा एक कण अडकला तरी ओव्हरफ्लो सुरू होतो. पिनेच्या टोकाला बोटाच्या नखाला जाणवेल अशी गोल खाच पडली असेल तर पिन बदला; ती तशीच ठेवून उंची लावण्यात अर्थ नाही. फ्लोट कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर त्याला चीर गेली आहे.

मोजायला कार्बोरेटर उलटा करून थोडा तिरका धरतात. बऱ्याच पिनांच्या मागच्या टोकाला स्प्रिंगवरचा बारीक दांडा असतो. जीभ त्याला फक्त टेकली पाहिजे, स्प्रिंग दबता कामा नये. पूर्ण उलटा धरला तर फ्लोटच्या वजनानेच स्प्रिंग दबते आणि माप खोटं येतं. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. गॅस्केट काढून, ती बसते त्या पृष्ठभागापासून फ्लोटच्या कडेपर्यंतचं अंतर व्हर्नियरने घ्या. दोन फ्लोट असतील तर दोन्हीकडे सारखं यायला हवं. आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच घ्यावा, कारण सारख्या दिसणाऱ्या कार्बोरेटरांतही तो वेगळा असतो.

माप जास्त आलं म्हणजे पेट्रोल जास्त, असं वाटतं. खरं उलट आहे. कार्बोरेटर उलटा धरलेला असल्याने माप जितकं मोठं, तितकी पिन लवकर बंद होते आणि पातळी खाली राहते. जीभ पिनेच्या बाजूला किंचित वाकवली की पातळी उतरते, उलट दिशेला वाकवली की चढते. वाकवताना पिन सीटवर दाबली जाऊ देऊ नका.

याहून खात्रीचं माप ओलं. वाटीच्या ड्रेनला पारदर्शक नळी लावून ती कार्बोरेटरच्या बाजूने वर धरायची, गाडी सरळ उभी करायची, कॉक उघडून ड्रेन स्क्रू सैल करायचा. नळीत पेट्रोल वाटीइतक्याच उंचीवर थांबतं. पिनेची झीज, फ्लोटचं वजन, सगळं त्या एका रेषेत येतं. इंजिन गार असू द्या आणि आसपास ठिणगी नको.

२० टक्के इथेनॉल असलेलं ई२० पेट्रोल आल्यापासून मिश्रण पातळ झालं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, म्हणून फ्लोट उचलून पातळी वाढवून घेणारेही आहेत. ते मला पटत नाही. एक किलो पेट्रोलला जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलो. २० टक्के मिसळल्यावर ती गरज १३.५ च्या आसपास येते. ही तूट सगळ्या वेगांवर सारखी पडते, पातळीचा परिणाम मात्र फक्त खालच्या थ्रॉटलला. म्हणजे पिकअपला गाडी काळा धूर ओकणार आणि टॉपला तशीच उपाशी राहणार. जेट एक नंबर मोठा लावून प्लगचा रंग बघा, फ्लोट मॅन्युअलच्या आकड्यावरच राहू द्या.