ओहम जास्त म्हणजे हेडफोन अवघड? इम्पीडन्स आणि संवेदनशीलता यांतला फरक

बायरडायनॅमिक या जर्मन कंपनीचा डीटी ८८० हा हेडफोन ३२, २५० आणि ६०० ओहम अशा तीन प्रकारांत मिळत आला आहे. तिन्हींची घडण जवळपास सारखी आहे आणि तिन्हींच्या माहितीपत्रकात संवेदनशीलतेचा आकडाही एकच आहे : एका मिलीवॅटला ९६ डेसिबल. तरीही साध्या फोनला लावल्यावर ३२ ओहमांचा हेडफोन मोकळा वाजतो आणि ६०० ओहमांचा आवाज पूर्ण वाढवूनही दबलेलाच राहतो. त्यावरून ‘६०० ओहमांना जास्त शक्ती लागते’ असा निष्कर्ष बहुतेक जण काढतात आणि मोठ्या वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर शोधू लागतात. हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि छोटा, खिशात किंवा पिशवीत मावणारा अ‍ॅम्प्लिफायर निवडताना होणाऱ्या बहुतेक चुका त्यातूनच जन्म घेतात.

इम्पीडन्स म्हणजे हेडफोनमधली तार विजेच्या प्रवाहाला करत असलेला विरोध. तो ओहममध्ये मोजतात. संवेदनशीलता म्हणजे ठरावीक वीज दिल्यावर हेडफोन किती मोठा आवाज काढतो ते. ती डेसिबलमध्ये मोजतात. पहिला आकडा एवढेच सांगतो की लागणारी शक्ती कोणत्या रूपात द्यायची, म्हणजे व्होल्टेज जास्त आणि प्रवाह कमी, की व्होल्टेज कमी आणि प्रवाह जास्त. मुळात शक्ती किती लागणार, हे दुसरा आकडा सांगतो. ‘चालवायला अवघड’ हे एकच विशेषण आपण दोन्ही अर्थांनी वापरतो, आणि घोटाळा तिथेच होतो.

डीटी ८८० पुन्हा समोर ठेवू. ९६ डेसिबलांवरून ११० डेसिबलांपर्यंत जायचे तर १४ डेसिबलांची भर हवी, आणि त्यासाठी एका मिलीवॅटच्या सुमारे २५ पट शक्ती लागते. म्हणजे तिन्ही प्रकारांना सारखेच, २५ मिलीवॅट लागतात. फरक पडतो तो व्होल्टेज आणि प्रवाह यांच्या वाटणीत. ३२ ओहमांच्या हेडफोनला हे २५ मिलीवॅट ०.९ व्होल्ट आणि २८ मिलिअँपिअर या रूपात लागतात, २५० ओहमांच्या हेडफोनला २.५ व्होल्ट आणि १० मिलिअँपिअर, तर ६०० ओहमांच्या हेडफोनला ३.९ व्होल्ट आणि जेमतेम साडेसहा मिलिअँपिअर. फोन किंवा साधा डोंगल (फोनच्या चार्जिंगच्या खोबणीत खोचून हेडफोन जोडायचे छोटे यंत्र) सहसा अर्धा ते एक व्होल्ट देतो. त्यामुळे ६०० ओहमांच्या हेडफोनपुढे तो कमी पडतो तो व्होल्टेजमध्ये. शक्तीची मागणी मुळात वाढलेलीच नसते.

११० डेसिबल हा आकडा मी का धरला, हेही सांगायला हवे, कारण इतक्या आवाजात कोणी सतत ऐकू नये. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या मानकानुसार प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास, सरासरी ८० डेसिबल ही सुरक्षित ऐकण्याची मर्यादा आहे. मात्र सरासरी ७५ ते ८० असली, तरी संगीतातले क्षणिक उंचवटे तिच्या २०-२५ डेसिबल वर जाऊ शकतात. विलंबित ख्यालाचे एखादे ध्वनिमुद्रण घ्या : आलापातला खर्जाचा स्वर जेमतेम ऐकू येतो, आणि पुढे तबल्याची जोरकस तिहाई एकदम उसळून येते. आलाप नीट ऐकू यावा म्हणून आवाज वाढवला, की त्या तिहाईच्या क्षणी अ‍ॅम्प्लिफायरकडे शिल्लक असावी लागते. ती नसेल तर थाप चिरडली जाते. ११० डेसिबलांची ही तजवीज त्या क्षणांपुरती आहे.

आता दोन अशा हेडफोनांची तुलना करू, ज्यांना सगळेच अवघड म्हणतात. सेनहायझरचा एचडी ६५० हा ३०० ओहमांचा आहे आणि कंपनीच्या आकड्यानुसार एका व्होल्टला १०३ डेसिबल देतो. ११० डेसिबलांसाठी त्याला २.२ व्होल्ट, साडेसात मिलिअँपिअर आणि एकंदर १७ मिलीवॅट पुरतात. हायफायमॅनचा एचई-६ फक्त ५० ओहमांचा आहे, पण त्याची संवेदनशीलता एका मिलीवॅटला ८३.५ डेसिबल इतकी कमी आहे. त्याच ११० डेसिबलांसाठी त्याला सुमारे ४५० मिलीवॅट लागतात, आणि तेही ४.७ व्होल्ट व ९५ मिलिअँपिअर अशा रूपात. म्हणजे ज्याचे ओहम सहापट कमी आहेत, तो जवळपास २७ पट शक्ती मागतो आणि व्होल्टेजही दुपटीहून जास्त मागतो. केवळ ओहम पाहून खरेदी करणारा माणूस एचई-६ ला सोपा आणि एचडी ६५० ला अवघड ठरवेल, म्हणजे नेमके उलटे.

याचे कारण दोघांच्या बांधणीत आहे. एचडी ६५० मध्ये पडद्याला चिकटवलेले तारेचे बारीक वेटोळे चुंबकाच्या अरुंद फटीत हलते. बारीक तारेचे पुष्कळ वेढे असल्याने ओहम वाढतात, पण चुंबकाचे बळ वेटोळ्याला पुरेपूर मिळते. एचई-६ हा प्लॅनर जातीचा आहे. त्याच्या अतिशय पातळ पडद्यावरच धातूच्या पट्ट्या असतात आणि संपूर्ण पडदा चुंबकांच्या रांगांमध्ये थरथरतो. अशा रचनेत पट्ट्यांपर्यंत पोहोचणारे चुंबकीय क्षेत्र तुलनेने क्षीण असते, म्हणून ती कसर जास्त प्रवाहाने भरून काढावी लागते. सगळे प्लॅनर असे नसतात, हे मात्र लक्षात ठेवावे. त्याच कंपनीचा सुंदारा ३७ ओहम आणि ९४ डेसिबलांचा आहे, आणि त्याचे ४० मिलीवॅटमध्ये भागते.

संवेदनशीलतेचा आकडा वाचताना आणखी एक खाचखळगा आहे, आणि तो मला या सगळ्या विषयातला सर्वांत त्रासदायक वाटतो. काही कंपन्या तो एका मिलीवॅटला देतात, काही एका व्होल्टला, आणि विक्रीच्या पानांवर बऱ्याचदा नुसते ‘डेसिबल’ एवढेच छापलेले असते. एकेजीच्या के ७०१ साठी १०५ डेसिबल हा आकडा वाचून तो एचडी ६५० पेक्षा सोपा वाटेल. पण तो एका व्होल्टमागे आहे आणि हेडफोन ६२ ओहमांचा आहे, म्हणून एका मिलीवॅटमागे तो ९३ डेसिबलच भरतो, तर एचडी ६५० सुमारे ९८. रूपांतर करणे कठीण नाही. मिलीवॅटच्या आकड्यात ३२ ओहमांसाठी साधारण १५, ५० ओहमांसाठी १३, ३०० ओहमांसाठी ५ आणि ६०० ओहमांसाठी २ डेसिबल मिळवले, की व्होल्टचा आकडा मिळतो. कोणत्या एककातला आकडा आहे हे कळत नसेल, तर त्या आकड्यावर पैसे खर्च करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

हेडफोनची मागणी कळली, की अ‍ॅम्प्लिफायरच्या माहितीपत्रकाकडे वळता येते. इथेही ठळक अक्षरांत छापलेला असतो तो ३२ ओहमांवरचा मिलीवॅटचा आकडा, जो ३०० किंवा ६०० ओहमांच्या हेडफोनच्या मालकाला फारसे काही सांगत नाही. प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायरला दोन वेगवेगळ्या मर्यादा असतात : जास्तीत जास्त व्होल्टेज आणि जास्तीत जास्त प्रवाह. जास्त ओहमांवर पहिली मर्यादा आडवी येते, कमी ओहमांवर दुसरी.

याचे फार स्वच्छ उदाहरण म्हणजे ओ२. एनडब्ल्यूएव्हीगाय या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका अनामिक अभियंत्याने २०११ साली या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरचा आराखडा सर्वांसाठी खुला केला. तो ९ व्होल्टच्या दोन रिचार्जेबल बॅटऱ्यांवरही चालतो. घरच्या विजेवर त्याचे आकडे असे आहेत : ६०० ओहमांवर ८८, १५० ओहमांवर ३५५ आणि ३३ ओहमांवर ६१३ मिलीवॅट. यांतले व्होल्टेज काढून पाहा. ६०० आणि १५० ओहमांवर ते सारखेच, सुमारे ७.३ व्होल्ट येते, म्हणजे ही त्याची व्होल्टेजची कमाल मर्यादा. ३३ ओहमांवर मात्र ते साडेचार व्होल्टांवर घसरते, कारण १३६ मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाहाची मर्यादा आडवी येते. बॅटरीवर हे आकडे आणखी खाली येतात. दोन-तीन वेगवेगळ्या ओहमांवरचे आकडे प्रामाणिकपणे छापले, तर वाचणाऱ्याला केवढे कळू शकते, हे यावरून दिसते. फक्त ३२ ओहमांवरचा आकडा छापणारी कंपनी ग्राहकाला हीच माहिती नाकारत असते.

आता असा एक डोंगल कल्पनेत आणू, जो २ व्होल्टपर्यंत जातो आणि ३२ ओहमांवर ६० मिलीवॅट देतो. जाहिरातीत हा आकडा अगदीच किरकोळ दिसेल. पण एचडी ६५० ला २ व्होल्ट मिळाले तर तो १०९ डेसिबलांपर्यंत जातो, म्हणजे आपल्या उद्दिष्टापेक्षा एकच डेसिबल कमी. त्याच डोंगलवर एचई-६ कसाबसा १०२ डेसिबलांच्या आसपास पोहोचतो. शांत, सपाट ध्वनिमुद्रणांना तेवढे चालून जाईल, पण सिंफनी किंवा वर सांगितलेला ख्याल ऐकताना त्याचा दम संपेल. एचडी ६५० साठी मोठा, जड, महागडा अ‍ॅम्प्लिफायर सोबत बाळगणारे पुष्कळ जण मी पाहिले आहेत. त्यांना त्याची गरज नव्हती.

बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रांत व्होल्टेज महाग का पडते, याचे कारण साधे आहे. लिथियमच्या एका घटाचे सरासरी व्होल्टेज ३.७ असते. वर-खाली हेलकावणारी ध्वनिलहर त्यात बसवली, तर ती परिणामी मूल्याने (आरएमएस, म्हणजे लहरीच्या शिखराऐवजी तिच्या प्रत्यक्ष परिणामावरून मोजलेले व्होल्टेज) १.३ व्होल्टच्या पुढे जात नाही. पुढे जायचे तर व्होल्टेज वाढवणारे वेगळे सर्किट घालावे लागते, किंवा प्रत्येक कानासाठी दोन अ‍ॅम्प्लिफायर उलटसुलट जोडून व्होल्टेज दुप्पट करावे लागते. ४.४ मिलिमीटरच्या जॅकमधून मिळणारे ‘बॅलन्स्ड’ आउटपुट म्हणजे हा दुसरा उपाय. ३०० किंवा ६०० ओहमांच्या हेडफोनला त्याचा खरा लाभ होतो, कारण दुप्पट व्होल्टेज म्हणजे चौपट शक्ती, ६ डेसिबलांची भर. कमी ओहमांवर मात्र प्रवाहाची मर्यादा आधीच गाठली गेली असेल, तर तितका लाभ होत नाही. शिवाय त्यासाठी हेडफोनची केबल बदलता यायला हवी. एचडी ६५० ची निघते, डीटी ८८० ची निघत नाही. ‘बॅलन्स्ड’मुळे आवाजाचा पोतच बदलतो असे म्हणतात, पण बहुतेक वेळा ऐकू येतो तो फक्त वाढलेला आवाज, आणि थोडा मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक चांगला वाटतो. म्हणून दोन्ही आउटपुटांची तुलना करायची असेल, तर आधी आवाजाची पातळी समान करून घ्यावी.

इम्पीडन्सचा आणखी एक अर्थ यात मिसळला जातो, तो म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा, आउटपुटचा इम्पीडन्स. तो हेडफोनच्या इम्पीडन्सच्या एक-अष्टमांशापेक्षा जास्त नसावा, हा ठोकताळा सर्वपरिचित आहे. १९९६ च्या आयईसी ६१९३८ या आंतरराष्ट्रीय मानकात मात्र १२० ओहमांचा स्रोत, म्हणजे आउटपुटचा इम्पीडन्स तेवढा असलेले यंत्र, धरला होता. अशा स्रोतावर एचडी ६५० चा खालच्या पट्टीतला इम्पीडन्स सुमारे ५०० ओहमांपर्यंत चढत असल्याने तिथला आवाज एखाद डेसिबलने फुगतो. काहींना तो ऊबदारपणा आवडतोही. एचई-६ सारख्या प्लॅनरचा इम्पीडन्स सगळीकडे जवळपास सारखाच असतो, म्हणून त्याच्या आवाजाचा बाज बिघडत नाही, पण १२० ओहमांच्या मागे बसल्यावर जवळपास साडेदहा डेसिबल वाया जातात, आणि त्याला ते परवडणारे नसतात. आज चांगल्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरांचा हा आकडा एक-दोन ओहमांच्या आत असतो, त्यामुळे यावर फार खल करण्याची गरज उरलेली नाही.

जास्त शक्ती घेण्यात काही तोटा आहे का, असा प्रश्न येतो. आहे. जास्त गेनवर, म्हणजे येणारा आवाज जास्त पटींनी वाढवताना, यंत्राची खरखर वाढते, आणि त्याच अ‍ॅम्प्लिफायरला १६ ओहमांचे, एका मिलीवॅटला ११० डेसिबल देणारे इयरफोन लावले तर ती खरखर स्पष्ट ऐकू येते, शिवाय आवाजाची कळ जराशी फिरवली तरी कान दुखतो. दोन्ही प्रकारची उपकरणे वापरणाऱ्यांनी गेन बदलण्याचे बटण असलेलेच यंत्र घ्यावे.

मी स्वतः निवड करताना पुढील क्रम पाळतो. हेडफोनचे ओहम आणि मिलीवॅटमागची संवेदनशीलता शोधायची, त्यावरून ११० डेसिबलांसाठी लागणारे व्होल्टेज व प्रवाह काढायचे आणि मग अ‍ॅम्प्लिफायरचा आकडा त्याच दोन भाषांत वाचायचा. ३२ ओहमांवर ५०० मिलीवॅट म्हणजे ४ व्होल्ट आणि १२५ मिलिअँपिअर. ४ व्होल्टवर ६०० ओहमांचा डीटी ८८० आपले २५ मिलीवॅट जेमतेम मिळवतो, एचडी ६५० निवांत चालतो, आणि एचई-६ ११० च्या दीड डेसिबल अलीकडे थांबतो. म्हणून एचई-६ च्या मालकाने ३२ ओहमांवर एक वॅट देणारे यंत्र पाहावे, त्यात साडेपाच व्होल्टहून जास्त आणि सुमारे १७७ मिलिअँपिअर मिळतात. असे यंत्र जाड असते, तापते आणि बॅटरी लवकर संपवते. हा हेडफोन उघड्या पाठीचा, म्हणजे बाहेरचा आवाज आत येऊ देणारा, असल्याने लोकलच्या डब्यात तसाही निरुपयोगीच, त्यामुळे तो घरातच, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेऊन ऐकायचा असेल, तर हे वजन सोसता येते. प्रवासाचीच गरज असेल, तर एचई-६ साठी यंत्र शोधत बसण्यापेक्षा २५ मिलीवॅटमध्ये भागणारा, बंद पाठीचा दुसरा हेडफोन घेणे स्वस्त पडते.