करवंदाची दाब की गुटी?

फांदी आईझाडावर असतानाच तिला मुळं फोडायची, इथपर्यंत दाब कलम आणि गुटी कलम सारखंच. त्यामुळे दोन्हींची नावं सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात. खरी गोम एवढीच: दाबात फांदी मातीकडे जाते, गुटीत ओलावा फांदीकडे जातो.

मुळात कलमाचा खटाटोप कशाला? करवंद बियांपासून येतं, फक्त बी ताजं हवं. मे महिन्यात पिकलेल्या फळातलं बी धुऊन लगेच पेरावं. डबीत भरून ठेवलेल्या बियांचा भरवसा नाही. काटेरी कुंपण करायचं असेल तर बियांचीच रोपं बरी. पण एखाद्या जाळीची फळं मोठी नि गोड असतील, किंवा ‘कोकण बोल्ड’सारखी जात तशीच्या तशी हवी असेल, तर बियांतून तीच फळं मिळतील असं नाही. नुसता फाटा खोचला तर त्यालाही मुळं सहजी धरत नाहीत.

गुटीसाठी पावसाळ्याच्या तोंडाशी पेन्सिलीएवढी जाड फांदी निवडायची. तिची अडीच सेंटिमीटर साल गोल काढायची. पांढरा चीक भळाभळा येतो. तो ओल्या फडक्याने पुसायचा आणि खालचा बुळबुळीत थर नीट खरवडायचा. इथे आळस केला की साल पुन्हा जुळते आणि मुळं येतच नाहीत. मग वरच्या कडेला मुळं फुटायची पावडर, भोवती भिजवून पिळलेलं शेवाळ, त्यावर प्लास्टिक, दोन्ही टोकं घट्ट बांधलेली. (हातमोजे घाला. तरी काटा लागायचा तो लागतोच.)

दाबाला एवढा सरंजाम लागत नाही. जमिनीलगतची लवचिक फांदी वाकवायची, खालच्या अंगाला साल काढायची, तो भाग मातीत पुरून वर दगड ठेवायचा, शेंडा बाहेर. डोंगरातल्या पसरट जाळीला हेच सोयीचं. बागेत छाटून सरळ वाढवलेल्या झुडपाची फांदी मात्र खाली येतच नाही, तिथे गुटीच.

वेगळं करताना दोन्हींचा स्वभाव कळतो. दाबाची मुळं मातीतच वाढलेली, त्यामुळे रोप फारसं कुरकुरत नाही. गुटीची मुळं नाजूक, शेवाळाला सोकावलेली. प्लास्टिकमधून मुळं दिसली तरी फांदी एका घावात तोडू नये. आधी अर्धा काप, आठवड्याने उरलेला. नंतर थोडी पानं कमी करून पिशवीत लावावी आणि नवी पालवी येईपर्यंत सावलीतच ठेवावी.