डूख कोण धरतं?

खानापूरकडच्या आमच्या मामांना दोन पावसाळ्यांपूर्वी भाताच्या बांधावर नाग आडवा आला. चावला नाही, फणा काढला आणि गवतात गेला. आजही विचारा, फणा किती उंच होता ते मामा हात धरून दाखवतात. तेव्हा सोबत कोण होतं, पाऊस होता की उघडीप, हे मात्र दर खेपेला बदलतं. मामी म्हणते, "डूख धरलंय त्यानं. वाट बघूलालंय."

नाग माणूस ओळखून सूड घेतो याला काडीचा आधार नाही. (आणि चावलाच असता तर अंगारा नव्हे, दवाखान्यातलं प्रतिविषच लागलं असतं.) डूख धरते ती आपल्याच मेंदूतली बदामाच्या आकाराची गाठ, अमिग्डाला.

भीती वाटताच मूत्रपिंडावरच्या ग्रंथी अ‍ॅड्रेनालिन सोडतात. गंमत म्हणजे रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा त्याला आत जवळजवळ येऊच देत नाही. मग निरोप पोचतो कसा? व्हेगस नावाची नस तो मेंदूच्या देठापर्यंत नेते. तिथला लोकस सेरुलियस, म्हणजे निळसर पेशींचा इवलासा पुंजका, नॉरअ‍ॅड्रेनालिन सोडतो. ते अमिग्डालाच्या बीटा-ग्राहींवर, म्हणजे हे रसायन झेलणाऱ्या पेशींवरच्या जागांवर, बसतं आणि अमिग्डाला शेजारच्या हिप्पोकॅम्पसला, म्हणजे आठवणी साठवणाऱ्या भागाला, बजावते: हे पक्कं कर. आठवण क्षणात पक्की होत नाही, तासन् तास मुरत राहते. म्हणून मागाहून आलेलं हे रसायनही तिला घट्ट करू शकतं.

1994 मध्ये कॅलिफोर्नियात केहिल आणि मॅकगॉ या संशोधकांनी काही जणांना आधी प्रोप्रॅनोलॉल दिलं. बीटा-ग्राही अडवणारी ही गोळी रक्तदाबावरही देतात. मग एका मुलाच्या अपघाताची गोष्ट चित्रांसह ऐकवली. आठवड्याने पाहिलं, तर गोळीवाल्यांना गोष्टीतला भीषण भाग इतरांपेक्षा कमी आठवत होता. साध्या, बिनअपघाताच्या गोष्टीच्या आठवणीत मात्र फरक नव्हता.

घाबरलेलं लक्ष एकाच ठिकाणी खिळतं, म्हणून फणा राहतो आणि सोबती पुसला जातो. स्वभावानेच चिंताळू माणसाचं लक्ष तर धोक्याकडे आधीच धावतं. शिवाय भीती मूळ वस्तूपुरती थांबत नाही, तिच्यासारख्या दिसणाऱ्या वस्तूंवरही पसरते. साप साप म्हणून भुई धोपटणं ते हेच. परवा मामांनी मोटारीच्या काळ्या पाइपावर काठी घातली. पाइप फुटला.

ही भीती घालवायची, तर जुनी आठवण खोडली जात नाही. 'इथे काही होत नाही' अशी नवी तिच्यावर बसवावी लागते. तीही जागेला बांधलेली असते. म्हणून अंगणात धीट झालेले मामा बांधावर पाय ठेवताच पुन्हा काठी आपटू लागतात.