भवदीय, क. ख. ग.

दहावीच्या हिंदीच्या वहीत संपादकाला लिहायच्या पत्राचा साचा ठरलेला आहे. डावीकडे वर ‘परीक्षा भवन’, खाली शहर आणि तारीख, मग ‘सेवा में, संपादक महोदय’, मग ‘विषय’, आणि सगळ्यात शेवटी ‘भवदीय, क. ख. ग.’ इंदुरात मराठी घरांतली मुलेही हाच साचा घोकतात, मराठी पत्र शिकायचे ते घरीच. परवा भाचीने वही पुढे सरकवली आणि विचारले, “मामा, हे क. ख. ग. कोण?” उत्तर साधे आहे. उत्तरपत्रिकेत आपली ओळख पटेल असे काही लिहायचे नसते. महाराष्ट्रातली मुले तिथे अ. ब. क. लिहीत आली. गंमत अशी, की संपादकाकडे येणाऱ्या पत्रांवर आजवर सगळ्यात जास्त भांडणे झाली ती याच शेवटच्या ओळीवरून. पत्ता डावीकडे की उजवीकडे, स्वल्पविराम द्यायचा की नाही, हे वाद शाळेपुरते.

मायन्याचे आधी उरकून घेऊ. ‘स. न. वि. वि.’ म्हणजे सप्रेम नमस्कार विनंती विशेष. पेशवाईतल्या पत्रांतल्या ‘कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष’चे हे झिजून उरलेले रूप. वृत्तपत्रे निघाली तेव्हा लिहिणाऱ्यांच्या हाताला हेच वळण होते, म्हणून संपादकालाही ‘रा. रा. केसरीकर्ते यांस’ असा घरंदाज मायना मिळे. ‘विषय’ ही ओळ मात्र सरकारी अर्जातून आली. वृत्तपत्राला तिचा काही उपयोग नाही, मथळा उपसंपादकच देतो. इंदूरकराची पंचाईत वेगळीच. हिंदीच्या सवयीने तो मराठी पत्रातही ‘महोदय’ घालतो, ‘कळावे, आपला नम्र’ऐवजी ‘भवदीय’ लिहून मोकळा होतो, आणि पत्र पुण्यात पोचले की पहिल्याच ओळीत ते ‘तिकडचे’ ठरते.

आता सहीकडे. मराठीत वृत्तपत्रातल्या पत्रांची खरी प्रतिष्ठा वाढवली ती ‘प्रभाकर’मधल्या १०८ पत्रांनी. १८४८ ते १८५० या काळात ती आली आणि खाली सही होती ‘लोकहितवादी’. शंभराच्या वर असूनही ‘शतपत्रे’ म्हणून ती ओळखली जातात. ती सगळ्यांना ठाऊक आहेत, पण त्यांतली एक गोष्ट सहसा कोणी बोलून दाखवत नाही. लिहिणारे गृहस्थ सरकारी नोकरीत होते. ब्राह्मणांना आणि एकूण समाजाला इतके खडे बोल सुनावणाऱ्या माणसाने टोपणनाव घेतले हे विनयामुळे की नोकरीमुळे, हे ज्याने त्याने ठरवावे. माझे मत दुसऱ्या बाजूला झुकते.

१८८५ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त दोन पत्रे आली, एक बालविवाहावर, दुसरे सक्तीच्या वैधव्यावर, ‘ए हिंदू लेडी’ या सहीने. त्या रखमाबाई होत्या हे पुढे उघड झाले. नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला म्हणून त्यांच्यावर झालेला खटला त्या वेळी कोर्टात होता. खरे नाव घातले असते तर पत्रातल्या विचारांपेक्षा बाईंवरच चर्चा झाली असती. ती नंतर झालीच.

टोपणनाव लिहिणाऱ्याला वाचवते, संपादकाला नाही. कोल्हापूरच्या दिवाणांच्या म्हणून छापलेल्या पत्रांपायी ‘केसरी’ आणि ‘मराठा’च्या संपादकांना १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. पत्रे बनावट निघाली होती. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात ज्या मजकुरावर बोट ठेवले गेले त्यात एक कविता होती, टोपणनावाने छापलेली. कवीला कोणी विचारले नाही, संपादकाला १८ महिन्यांची शिक्षा झाली. आजही पत्रांच्या सदराखाली ‘या मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही’ असे बारीक टायपात छापतात. त्या ओळीने मनाचे समाधान होते. बदनामीच्या फिर्यादीत तिची ढाल फारशी चालत नाही, कारण छापणे हीच कायद्याच्या दृष्टीने कृती आहे. दंड संहितेची ४९९ आणि ५०० ही कलमे जाऊन १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचे ३५६ आले, मुद्दा तोच राहिला.

इंदूरला वृत्तपत्र नवे नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच इथून ‘मालवा अखबार’ निघत होता, हिंदी आणि उर्दू शेजारी शेजारी. पण होळकरांच्या राज्यात राहून राज्याविषयी लिहायचे तर पत्र बाहेर धाडावे लागे, मुंबईला किंवा पुण्याला. १९२२ मध्ये ती वाटही अरुंद झाली. संस्थानिकांविषयी अप्रीती पसरवणारा मजकूर ब्रिटिश मुलखात छापणे गुन्हा ठरवणारा कायदा आला, आणि त्याच्या कक्षेत छापणारा आणि संपादक यांच्याबरोबर लिहिणाराही होता. मध्यवर्ती कायदेमंडळाने हे विधेयक मांडायलाच परवानगी नाकारली होती. व्हाइसरॉयने आपला खास अधिकार वापरून ते कायद्यात आणले. पुढे तीन वर्षांत मुंबईत मलबार हिलवरचे बावला खून प्रकरण घडले, त्याचे धागे इंदूर दरबारापर्यंत गेले आणि १९२६ मध्ये होळकर महाराजांना गादी सोडावी लागली. त्या दिवसांत राजवाड्याच्या आसपास राहून, खाली नाव-पत्ता लिहून मुंबईच्या वृत्तपत्राला पत्र टाकण्याची छाती किती जणांना झाली असेल?

संस्थान गेले, भीती गेली, नोकरी राहिली. इंदुरातल्या मराठी मध्यमवर्गाचा मोठा भाग सरकारी खात्यांत, शाळा-कॉलेजांत, बँकांत, म्हणजे ज्याला जे खरोखर ठाऊक ते लिहायची सोय नाही अशा खुर्च्यांवर. केंद्र सरकारी नोकरांसाठी १९६४ चे आचरण नियम आहेत, मध्य प्रदेशचे १९६५ चे. केंद्राच्या नियमातला वृत्तपत्रांविषयीचा मूळ भाग वाचण्यासारखा होता. परवानगीशिवाय पत्र लिहायचे नाही, एवढे म्हणून तो थांबला नव्हता. स्वतःच्या नावाने नाही, निनावी नाही, टोपणनावाने नाही, आणि दुसऱ्या कोणाच्या नावानेही नाही. चारही दारे एका वाक्यात बंद. सूट काय ती निव्वळ साहित्य, कला आणि शास्त्र यांवरच्या लिखाणाला होती. हे वाक्य ज्याने लिहिले त्याला हिंदुस्थानी घर चांगले माहीत असले पाहिजे.

कारण ते चौथे दार आमच्या घरात सताड उघडे होते. काका एका सरकारी खात्यात होते. रामबागेतल्या तुंबलेल्या नालीपासून वाचनालयाच्या वेळेपर्यंत सगळ्यावर त्यांची पत्रे हिंदी दैनिकांत येत, पण खाली नाव काकूंचे. रविवारी सकाळी पोहे झाले की काका टेबलाशी बसत, १५ पैशांच्या पोस्टकार्डावर शाईच्या पेनाने एक समास सोडून, बावीस-तेवीस ओळींत मजकूर बसवत. मग काकूंना हाक. त्या ओल्या हाताने येत, वाचत, कधी एखादा शब्द खोडायला लावत (“‘निर्लज्ज’ नको हो, मी असं बोलते का कधी?”) आणि सही करत. मजकूर एका अक्षरात, सही दुसऱ्या. पाठीमागे पत्ता पुन्हा काकांच्या हातचा.

पोस्टकार्ड उघडे असते, हे इथे महत्त्वाचे. १ जुलै १८७९ ला ते सुरू झाले तेव्हा एका पैशाला मिळे, आणि स्वस्ताईच्या मोबदल्यात पोस्टमनपासून दारावरच्या शिपायापर्यंत कोणीही वाचावे अशी त्याची रचना. म्हणून टोपणनावाचे पत्र पोस्टकार्डावर जात नसे. ते लिफाफ्यात घालायचे, आत वेगळी चिठ्ठी जोडायची, तिच्यावर खरे नाव, पत्ता आणि ‘केवळ संपादकांच्या माहितीसाठी’. त्या चिठ्ठीवरच पुढचा सगळा घोळ उभा आहे.

घोळ शब्दांचा आहे. ‘निनावी’ आणि ‘टोपणनावी’ हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. वृत्तपत्राच्या टेबलावर मात्र त्या दोन अगदी निराळ्या वस्तू. निनावी पत्राचा धनी कोणालाच ठाऊक नसतो, संपादकालाही नाही. त्याची जागा टोपलीत, आणि ते बरोबरच आहे. टोपणनावी पत्राचा धनी संपादकाला पुरता ठाऊक असतो, वाचकाला नसतो. तिसरा प्रकार ‘नाव राखून ठेवले आहे’ असे छापण्याचा, ज्यात टोपणनावाची हौसही नाही. आणि काकूंचे पत्र कशात बसवायचे? नाव खरे, पत्ता खरा, सही खरी. फक्त लिहिणारा दुसरा. त्याला मराठीत शब्दच नाही.

पुढे दैनिकांनी एकामागून एक टोपणनावांना बंदी केली. नाव, पूर्ण पत्ता, पुढे दूरध्वनी, तरच पत्राचा विचार. कारणे खोटी नव्हती. ‘एक त्रस्त नागरिक’, ‘एक हितचिंतक’ या पांघरुणाखाली शेजाऱ्याची उणीदुणी, कार्यालयातली सूडाची प्रकरणे, निवडणुकीच्या तोंडावर उमेदवारांची चिखलफेक असे पुष्कळ काही येत असे, आणि निस्तरावे लागे संपादकाला. जो आपले नाव द्यायला कचरतो त्याचे म्हणणे मी का छापू, हा प्रश्न वाजवी वाटतो. पण या निर्णयाचा भार कोणावर पडला तेही पाहायला हवे. शेजाऱ्याशी भांडणाऱ्याने सरळ आपल्या नावाने लिहायला सुरुवात केली, त्याला काय गमवायचे होते? गप्प बसला तो औषधांच्या साठ्याची वही ठेवणारा कारकून, परीक्षेचे पेपर तपासणारी शिक्षिका, रस्त्याच्या डांबराचे माप घेणारा ओव्हरसियर. पत्रांच्या सदरात तेव्हापासून मते खूप आली, माहिती कमी झाली. लिफाफ्यातल्या चिठ्ठीची जुनी पद्धत या दोहोंच्या मधला चांगला मार्ग होती. ती मोडायला नको होती असे मला वाटते, आणि हे लिहिताना काका डोळ्यांसमोर आहेत हे कबूल.

छापलेल्या पत्राला उत्तर देण्याचा हक्क किती, हा दुसरा प्रश्न कोर्टापर्यंत गेला. वृत्तपत्रांच्या आचारावर देखरेख ठेवणाऱ्या परिषदेचे धोरण असे, की पत्र निवडणे संपादकाच्या मर्जीचे, काटछाट करायलाही मुभा, मात्र अर्थ बदलता कामा नये, आणि ज्याच्यावर टीका छापली त्याच्या वाजवी खुलाशाला जागा द्यावी. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारी विमा महामंडळाच्या नियतकालिकाला आणखी पुढे नेले. महामंडळाच्या बाजूचा लेख तुम्ही छापला, तर अहमदाबादच्या टीकाकाराचे उत्तरही छापा, सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या अंकाला एकच बाजू मांडता येणार नाही. खाजगी दैनिकांना हे बंधन जसेच्या तसे लागू नाही, आणि ती तसे वागतही नाहीत.

त्यानंतरची पंचवीस-तीस वर्षे भराभर गेली. ई-मेल आले आणि हस्ताक्षर गेले. छापील नावाखालचा पूर्ण पत्ता गळून नुसते शहर उरले. पूर्वी पत्र छापून आले की आठवड्याभरात अनोळखी वाचकांची दोन-चार कार्डे थेट घरी येत, तो प्रकार संपला. शब्दमर्यादा तीनशेवरून दीडशेवर, मग काही ठिकाणी ऐंशीवर. मध्य प्रदेशात २०१४ पासून १८१ वर तक्रार नोंदवता येते, इंदूर पालिकेचे ‘३११’ ॲप आहे. नाली तुंबली तर फोटो टाकायचा, क्रमांक मिळतो. नालीपुरते पाहिले तर हे पोस्टकार्डापेक्षा बरे, यात वाद नाही. फक्त त्या तक्रारीला वाचक नसतो, आणि मोबाइल क्रमांक दिल्याशिवाय ती नोंदतही नाही. क. ख. ग. ना तिथे प्रवेश नाही. १८६७ चा छापखान्यांचा जुना कायदाही आता गेला, त्याच्या जागी आलेला नवा १ मार्च २०२४ ला लागू झाला. अंकावर संपादकाचे नाव असायचे ते असतेच.

काका १९९१ मध्ये निवृत्त झाले. निरोपाचा नारळ घरी आला त्याच्या पुढच्या रविवारी त्यांनी पोस्टकार्ड घेतले, स्टेशनबाहेरच्या टेम्पोंच्या गर्दीवर बावीस ओळी लिहिल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा खाली स्वतःची सही केली, पूर्ण नावानिशी. काकूंना दाखवलेदेखील नाही. बुधवारी पत्र आले, एकही ओळ न कापता, चौकटीत. टेबलावरच्या कोणीतरी अक्षर ओळखले असावे आणि सहीकडे पाहायची तसदी घेतली नसावी. खाली नाव काकूंचे होते.