टाका कुणाला, कधी: गर्भाशयमुखाच्या काळजीमागची पार्श्वभूमी

दिवस राहिल्याचं कळून महिना होत नाही तोच कोल्हापुरातल्या घरांत विषय निघतो: पिशवीचं तोंड सैल तर नाही ना? ते शिवून बंद ठेवणारा टाका घालून घ्यायचा का? थोडं लाल गेलं तर ही भीती दुप्पट होते. खरं तर पहिल्या तीन महिन्यांतले निम्म्याच्या आसपास गर्भपात गर्भातल्याच गुणसूत्रांच्या दोषाने होतात, त्यांना टाक्याने काही फरक पडत नाही. गर्भाशयमुख, म्हणजे हेच पिशवीचं तोंड, कमकुवत असण्याचा त्रास बहुधा चौथ्या ते सहाव्या महिन्यात दिसतो, आणि तोही फारशा कळा न येता.

हा टाका आपल्याच राज्यातला. 1955 मध्ये मुंबईतल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञाने तो मांडला आणि जगभर तो शिरोडकर टाका म्हणूनच ओळखला जातो. सुरुवातीला त्यासाठी बाईच्याच मांडीतल्या स्नायूवरच्या आवरणाची पट्टी काढून वापरत. दोन वर्षांनी मेलबर्नहून सोपी पद्धत आली, बटव्याची नाडी ओढावी तशी. तेव्हा निवड सरळ होती: ज्या बाईचं बाळ मधल्या महिन्यांत पुन्हा पुन्हा गेलंय, तिलाच टाका.

सोनोग्राफीने हे चित्र बदललं. 1996 च्या एका मोठ्या अभ्यासात योनीमार्गे आतून केलेल्या तपासणीत मुख जितकं आखूड, तितका अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा धोका जास्त असं दिसलं आणि पुढे 25 मिलिमीटर ही सीमारेषा रुळली. गोंधळ इथेच सुरू झाला. आधी काहीही न बिघडलेल्या, पहिलटकरणीचंही मुख आखूड निघू लागलं. तिचं करायचं काय?

टाक्याच्या बाजूने बोलणारे म्हणतात, वाट कशाला बघायची? पण 1993 मध्येच, डॉक्टरांनाच टाक्याची खात्री नव्हती अशा सुमारे 1,300 बायकांवरची चाचणी प्रसिद्ध झाली होती. 33 आठवड्यांआधी बाळंत होण्याचं प्रमाण टाका घातलेल्यांत 13 टक्के, न घातलेल्यांत 17 टक्के. म्हणजे फायदा पंचवीसमधल्या एकीला. पुढे योनीमार्गे प्रोजेस्टेरॉन या गर्भ टिकवणाऱ्या संप्रेरकाचा पर्याय आला. आज एकच बाळ पोटात असेल आणि आधी मधल्या महिन्यांत बाळ गेल्याचा इतिहास नसेल, तर आखूड मुखासाठी आधी तेच देतात. जुळं असेल तर नुसत्या आखूडपणावरून टाका घालणं धोक्याचंही ठरू शकतं. इतकं समोर असताना सरसकट टाक्याचा आग्रह समजण्यापलीकडचा आहे. सहा महिने खाटेवर झोपवून ठेवण्याचंही तसंच: त्याने बाळंतपण लांबतं असा पुरावा नाही, पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती मात्र वाढते.

आतून सोनोग्राफी म्हटलं की सासूबाई आणि सूनबाई दोघी बिचकतात. त्यात गर्भलिंगनिदानाविरुद्ध कोल्हापूर जिल्ह्यात सोनोग्राफी यंत्रांवर कडक पाळत बसली, ती गरजेचीच होती. पण गर्भाशयमुखाची लांबी मोजायच्या या तपासणीत बाळाला इजा होत नाही. मात्र ती सोळा ते चोवीस आठवड्यांत करायची. तिसऱ्या महिन्यात मोजलेल्या लांबीवर भरवसा ठेवता येत नाही.

इतिहास ठळक असेल तर बाराव्या ते चौदाव्या आठवड्यात टाका घालतात आणि छत्तीस-सदतिसाव्या आठवड्यात काढतात. पण राधानगरी, शाहूवाडीहून आलेल्या बाईच्या जुन्या कागदांवर नुसतं ‘अबॉर्शन’ लिहिलेलं असतं. कितवा आठवडा होता, आधी कळा आल्या की पाणी गेलं, हे कुठेच नसतं. सारा निर्णय त्यावर अवलंबून असताना ते तिच्या आठवणीतून खणून काढावं लागतं.